काळ्यातून बघ

दिवाळी होऊन एकच रात्र झालेली.
जनकगंजच्या गल्लीत फटाक्यांचे लाल कागद,
गच्चीवर आम्ही तिघं, दात न घासता,
कारण वेध लागलेत म्हणून आत्यानं
नळाला हात लावू दिला नव्हता.

बाबांनी कंपूच्या हॉस्पिटलातून जुनी फिल्म आणलेली.
एक्स-रे खात्यात एकवीस वर्षं;
माणूस आतून कसा असतो हे त्यांना पाठ.
कोपऱ्यात लिहिलेलं: रामकली, वय ४२, छाती.
ती बरी झाली का, धाकट्यानं विचारलं.
बाबा कात्री शोधत होते.

"खग्रास तिकडे, आग्र्याच्या अंगाला.
आपल्याला सूतभर कमी."
फुप्फुसात हवा, म्हणून ते काळं.
हाड पांढरं, त्यातून ऊन गळतं.
काळ्यातून बघ, म्हणाले,
आणि उजव्या फुप्फुसाचे दोन तुकडे केले,
डाव्याचा एक.
नावाचा कोपरा धाकट्याला मिळाला.

सूर्याची कड आधी चेपली,
पत्र्याच्या डब्यासारखी.
मग खाली कोणीतरी ओरडलं, बघो, बघो,
आणि आम्ही कठड्यावरून वाकलो.
कडुनिंबाखालचे कवडसे रोज गोल असतात
हे त्या दिवशी कळलं,
ते गोल नव्हते म्हणून.
मोघ्यांच्या भिंतीवर, सायकलच्या सीटवर,
बसलेल्या म्हशीच्या पाठीवर
चंद्रकोरीच चंद्रकोरी,
सगळ्या वरच्या सूर्याच्या उलट वळलेल्या.

आत्या, जी बाहेर येणार नव्हती,
ती बुंदीचा झारा घेऊन आली.
धरला उन्हात.
तळणीत पडावी तशी फरशीवर
कोरींची बुंदी पडली.
ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली,
हे पाप असेल तर असो.

सावल्यांना धार आली.
माझ्या हाताच्या सावलीत एकेक लव मोजता येई.
ऊन होतं, पण कल्हई उडाल्यासारखं;
किल्ला कागदातून कापून चिकटवलेला;
पोपट आले तसे कपारीत परतले.

बाबा?
बाबा टाकीला टेकून उभे होते.
उरलेली मधली पट्टी डोळ्यांपुढे:
रामकलीचा कणा
आणि हृदयाची पांढरी सावली.
काळं सगळं आमच्या वाट्याला आलं होतं.

त्यानंतर बाबा माझ्याकडे बघेनासे झाले.
प्रगतिपुस्तक दाखवलं तर माझ्या कानाकडे बघत.
लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा
मी त्यांनाच आधी शोधलं,
ते मांडवाचा खांब बघत होते.
हे मी मनात धरलं.
इंदूरला आले, फोन कमी केले,
दोन बाळंतपणं, एक नोकरी,
एवढी वर्षं धरून ठेवलं.

मोतीबिंदूच्या तपासणीला मी सोबत गेले, परवा.
डॉक्टर मुलगी होती, कोवळी.
यंत्रातून बघता बघता थांबली.
अंकल, आपने कभी सूरज देखा था, सीधे?
पडदा मोठा करून मला दाखवला:
नारिंगी गोल, लाल शिरा,
आणि बरोबर मधोमध
नखाच्या कातरीएवढी एक कोर.
जिथे बघावं तिथेच नेमकं काही दिसत नाही, ती म्हणाली.
बाजूचं दिसतं.

बाबा चष्मा पुसत राहिले.
"ते होय. ते जुनं आहे."

आता मी पलंगावर त्यांच्या समोर बसत नाही.
थोडी डावीकडे सरकते.
म्हणते, बाबा, खिडकीकडे बघा.
ते खिडकीकडे बघतात,
नीट, सावकाश,
आणि म्हणतात,
केस पिकले की गं तुझे.